कितींपैकी?

आरोग्य केंद्रात नोंदी ठेवणाऱ्या बाईंना सगळे छेदबाई म्हणत. पाच बाळांना ताप आलाय असं कोणी सांगितलं, की बाई मान वर न करता विचारायच्या, "कितींपैकी? छेद सांगा." अपूर्णांकातला खालचा आकडा कळल्याशिवाय वरच्याला काडीची किंमत नाही, हे त्यांचं एकोणतीस वर्षांचं मत. औषधखिडकीतला फार्मासिस्ट चिडवायचा, "बाई, मुंगी चावली तरी तुम्ही आधी वारूळ मोजाल."

डांग्या खोकल्याची साथ आली, त्या आठवड्यात त्यांच्याच हातून छेद राहिला. छापील तक्त्याला रकाने दोनच होते : आजारी बाळं आणि त्यांपैकी लस घेतलेली. बाईंनी सुवाच्य अक्षरात चौदा आणि नऊ लिहिलं, शिक्का मारला आणि नेहमीप्रमाणे कागद वजनकाट्याशेजारच्या फळ्यावर टाचला. रांगेतल्या कोणीतरी फोटो काढला. दुपारपर्यंत तो घरोघरच्या मोबाइलवर होता. खाली ओळ जोडलेली : चौदातली नऊ लस घेतलेलीच, मग टोचायचं कशाला?

बाईंची नात अडीच महिन्यांची. सर्दीमुळे पहिला डोस लांबला होता, तो त्या गुरुवारी द्यायचा होता.

"आई, हे अक्षर तुमचंच ना?" सुनेने मोबाइल पुढे धरला.

"माझंच."

"मग झालं तर."

सून घरी कपडे शिवायची. बाईंनी तिचा बटणांचा डबा टेबलावर उपडा केला. "हे बघ. आपल्या भागात हजार बाळं. नऊशे साठ टोचलेली, चाळीस न टोचलेली. टोचलेल्यांत नऊ आजारी, म्हणजे शंभरात एखादं. न टोचलेल्यांत पाच, म्हणजे आठात एक." त्यांनी सात पांढऱ्या बटणांत एक काळं ठेवलं आणि शेजारी पांढऱ्यांचा ढीग लावू लागल्या. "टोचलेलीच इतकी आहेत, म्हणून त्यांच्यातली नऊ डोळ्यांत भरतात."

"पण लस घेऊन नऊ जण आजारी पडलेच ना?"

"पडले. लस म्हणजे काही कडीकुलूप नाही गं. पण—"

"मग फळ्यावर हे सगळं का नाही लिहिलंत?"

बाई पुन्हा पांढरी बटणं मोजू लागल्या.

"आई, घरी तरी ऑफिस नको," मुलगा म्हणाला. "पुढच्या महिन्यात बघू."

सुनेने बटणं डब्यात भरली. गुरुवार आला तसा गेला.

डॉक्टरांनी तक्त्यावर छेद लिहू दिला नाही. "छापील कागदावर खाडाखोड केली तर वरून विचारणा होईल," असं त्यांचं म्हणणं. बाईंनी वेगळ्या कागदावर सगळा हिशेब मांडून शेजारी टाचला. त्याचा फोटो कोणी काढला नाही. एरवी दारापर्यंत जाणारी टोचणीची रांग दोन बाकांत मावू लागली.

तिसऱ्या आठवड्यात नात खोकू लागली. खोकून खोकून ओठ निळे पडले, श्वास मध्येच अडू लागला, तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं. सून तिच्याजवळ थांबली. बाई सकाळी कामावर आल्या, कारण तक्ता त्यांच्याशिवाय कोणी भरत नव्हतं. त्यांनी चौदाचे पंधरा केले. नवाचे नऊच राहिले. न टोचलेल्यांसाठी रकानाच नव्हता.

तेवढ्यात सुनेचा फोन आला. मागे कुठलंसं यंत्र वाजत होतं.

"आई, डॉक्टर काही नीट सांगत नाहीत. तुम्ही तरी सांगा. एवढ्या लहान बाळांतली, अशी झालेली... कितींपैकी किती वाचतात?"

तो आकडा बाईंना छेदासकट पाठ होता.

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या.