मास्तरांचं धरणात गेलेलं घर

लिहिणाऱ्या माणसांना चहा पाजला की किस्से साचत जातात, स्टोव्हच्या काजळीवानी. घासून घासून हात दुखले, पण निघंनात.

शहरातल्या गारखेड्यात माझ्या ओट्यावर दर रविवारी दोघं बसायचे. भानुदास मास्तर मराठीत कथा लिहायचे. त्यांचं गाव धरणात गेलेलं. एकदा घर बघायचं अन् मग मरायचं, एवढंच त्यांचं मागणं. दुसरे सिद्दिकीसाब, उर्दूत लिहायचे. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर त्यांचं खानदान कराचीला गेलं, हे एकटेच राह्यले. मी चौथी शिकलेली. माझं काम चहा करायचा अन् चिडवायचं.

*

मास्तर तीस वर्षं शहरात, पण कथेत नुसतं गाव! मी म्हणलं, "मास्तर, आमच्या गारखेड्यानं काय घोडं मारलं?"

"मावशी, इथं मी नुसता झोपायला येतो."

"मग लई घोरता बाबा!"

*

सिद्दिकीसाबांचा एकदा सत्कार झाला, त्यांच्याच मोहल्ल्यात. सूत्रसंचालन करणारा म्हणला, "बाहेरून आलेले आपले पाहुणे..."

साब उठले, मंडपामागं बोट दाखवलं. "मियाँ, वो रस्सी पे पायजामा सूख रहा ना? मेराच है!"

*

मास्तर कथेखाली पत्ता टाकायचे तो बुडालेल्या गावाचा. मासिकवाल्यांची पत्रं कुठं जायची, देव जाणे! मी खोडी केली. त्याच पत्त्यावर कार्ड टाकलं : 'मास्तर, पाणी बरं हाय का?'

महिन्यानं पोस्टमन माझ्याच दारात. "मावशी, हे मास्तर इथंच बसतात ना?"

वाटलं, आता शिव्या पडतेत. रविवारी मास्तरांनी कार्ड उलटंपालटं केलं. "गावाच्या नावानं पत्र आलं," म्हणले अन् खिशात घातलं. त्या दिवशी चहात साखर टाकायची मी इसरले.

*

कराचीहून साबांच्या भावाचं दरसाल पत्र यायचं, इकडं ये म्हणून. साबांचं दरसाल उत्तर : 'अगले साल.'

मी वैतागले. "जायचं नाय तर तसं लिहा की एकदाचं!"

"लिख दूँ तो मावशी, फिर खत कायकू आएगा?"

*

मग एका दुष्काळात धरण आटलं. गाव वर आलं. मास्तर म्हातारे झालेले, तरी जीप करून आम्ही तिघं गेलो. चिखल वाळून भेगा पडलेल्या. मास्तरांनी घर बरोबर हुडकून काढलं. गुडघ्याएवढं जोतं तेवढं उरलेलं, भिंत एक नाय.

सिद्दिकीसाब दगडं ओलांडून सरळ आत शिरले.

मास्तर खेकसले, "ओ साब! भिंतीतून काय शिरता? दार हिकडं हाय!"

साब बाहेर आले. वळसा घालून दारापाशी गेले, चपला काढल्या. "मास्तर, आऊँ क्या अंदर?"

मास्तरांनी दारातून आत डोकावून बघितलं.

"जरा थांबा," म्हणले, "घरात कुणी नाय."