तड्यावरची काच

आमच्या शहराच्या मुख्य ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या स्टँडमागे एक खांब आहे. त्याला तडा गेला तेव्हा पालिकेच्या इंजिनिअरने गवंड्याकडून तड्यावर आडवी काचेची पट्टी बसवून घेतली. काच फुटली तर समजायचं, खांब हलतोय; लगेच सगळ्यांना बाहेर काढायचं. एवढं सांगून साहेब गेले. दुरुस्तीचं नाव नाही. चौकातल्या कारंज्याला निधी मिळतो, खांबाला मिळत नाही.

मग जागा बिल्डरच्या घशात जाणार अशी कुजबुज सुरू झाली. आम्ही पत्रकं काढली. मजकूर माझा: ‘ग्रंथालय आमचं आहे. जागा सोडायची नाही.’ विरार स्टेशनबाहेर मी ती हातोहात वाटली. कारण वर अभ्यासिका होती. घरात पाय पसरायला जागा नसलेल्या मुली तिथे परीक्षेचा अभ्यास करायच्या. खाली दुपारी बायकांचा साक्षरता वर्ग, मी शिकवायचे. एकदा कुलूप लागलं की ते निघणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आल्या आल्या मी आधी काच बघायचे.

त्या दुपारी काच फुटलेली होती.

चाचपून पाहिली तर बोट कापलं. ग्रंथपालबाईंना बोलावलं. त्या हळूच म्हणाल्या, कुणाचा धक्का लागला असेल, नवी बसवून घेऊ या का. मला हो म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं. तेवढ्यात वर कुणीतरी खुर्ची सरकवली.

धावत वर गेले. मुली पटापट उतरल्या. खाली वर्गातल्या बाकीच्या बायकाही निघाल्या, पाचूबंदरची मावशी मात्र पाटीवरून मान वर करेना. मासळी विकून झाली की ती थेट वर्गाला यायची.

"मावशी, ऊठ. खांब हललाय."

"जागा सोडायची नाय, तूच लिवलंस ना बाय? मी पयल्यांदा वाचलेला कागद हाय तो."

"तो पालिकेसाठी होता गं. ऊठ."

"मंग आमचा वर्ग कुठं?"

मी तिला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं.

संध्याकाळी पालिकेने कुलूप ठोकलं. त्याला मात्र निधी लागला नाही. आता वर्ग पलीकडच्या गल्लीत, एका बंद दुकानाच्या ओट्यावर भरतो. रस्त्यावरून डंपर गेला की ओटा थरथरतो. मावशी लिहिता लिहिता थांबते, पाटी छातीशी धरते.