आभाळ रंगवलेला तिसरीचा वर्ग

हिंजवडीच्या एका कंपनीतल्या पोरापोरींनी शनिवारी येऊन आमच्या मुळशीतल्या गावची शाळा रंगवली. हौसेनं रंगवली, खोटं कशाला बोलू. भिंतींवर मुळाक्षरं, आगगाडी, आणि तिसरीच्या वर्गात थेट छतावर निळं आभाळ. गाव खूश. मी मात्र ते आभाळ बघून पेटले. त्या जागी स्लॅबला ओल होती, पोपडे सुटले होते, गंजलेली सळई उघडी पडली होती. मुख्याध्यापकांनी पाहुणे यायच्या आत त्यावर पुट्टी मारून घेतली होती. माझी लेक त्याच छताखाली बसायची.

मी शाळा समितीची अध्यक्ष. बाईला पद द्यायचं म्हणून दिलेलं. सही करायची नि चहा घ्यायचा, एवढंच माझं काम असं सगळ्यांनी धरलेलं. मी खोली बंद करा म्हटल्यावर मुख्याध्यापक कावरेबावरे झाले. "ताई, पालक पोरं काढून इंग्रजी शाळेत घालतील. पट घसरला तर शाळाच जाईल." माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. पण शाळा टिकवायला पोरं असल्या छताखाली बसवायची? माझं डोकंच फिरलं.

मी समितीची बैठक त्याच वर्गात बोलावली. दिवसभर पाऊस लागलेला. मंडळी आली, वर बघितलं आणि एकेकानं खुर्ची भिंतीकडं सरकवली. उपसरपंच, म्हणजे माझे चुलत दीर, दारातच उभे राहिले. मधले बाक मोकळे.

"मधी या की," मी म्हटलं.

"हितंच बरं हाय," दीर दारातनंच म्हणाले.

"का? रंग तर नवा हाय."

मग मीच जाऊन लेकीच्या बाकावर बसले. गुडघे मावेनात, वर बघायची छाती होईना. भ्याले होते, पण बसले.

"तुमी हितं घटकाभर बसंनात, आन् आपली पोरं रोज बसत्यात. आमची भाड्याची खोली रिकामी हाय, दुरुस्ती हुईस्तवर वर्ग तितं भरवा. ह्या वर्गाला आत्ताच्या आत्ता कुलूप लावा."

मुख्याध्यापक खाली बघायला लागले. दिरांनी एकदा छताकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"वहिनी, आदी भाएर या. मग ठरवू."

"आदी ठरवा," मी म्हटलं, "मग उठते."