सात महिन्यांची मेहेरबानी

ब्रेडा या डच शहरातल्या एका मालवाहतूक कंपनीत मी मालाचे कागद तपासायचे. या देशात आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे, पण ही नोकरी माझी होती, मी मिळवलेली. दरवर्षी नवा करार व्हायचा. तिसरा संपत आला तेव्हाच पुण्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मी दोन महिन्यांची सुट्टी मागितली.

"दोनच कशाला?" साहेब म्हणाला. "तुझा करार संपतोच आहे. सात महिने आईजवळ निवांत राहा. परत आलीस की जागा तुझीच."

माझे डोळे भरून आले. ऑफिसात सगळे त्याला नावाने हाक मारत, मी मनातून मात्र साहेबच म्हणायचे. साहेबाने दिलेला शब्द लिहून मागणं मला उद्धटपणाचं वाटलं. इथे निघणाऱ्यानेच केक आणायचा रिवाज आहे, म्हणून मोठा केक नेला. स्वतःच्या गच्छंतीचा केक मीच कापला, वर थँक्यूही मीच म्हटलं!

शब्द त्याने पाळला. परतल्यावर एका वर्षाचा करार दिला. ते वर्ष संपायला महिना उरला असताना पत्र आलं, पुढे करार नाही. कारण द्यायची त्याला गरजच नव्हती.

फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंनी विचारलं, "मध्ये किती महिने गेले?"

"सात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, इथल्या कायद्याने तीन करारांनंतरचा चौथा आपोआप कायमचा होतो, मग असं विनाकारण काढता येत नाही. पण मध्ये सहा महिन्यांहून जास्त खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोन महिन्यांत परतून कामाला लागले असते तर मी कायमची झाले असते.

म्हणजे माझ्या आईचं दुखणं ऐकता ऐकता हा माणूस महिने मोजत होता! संताप त्याचा येतो, तितकाच माझाही. एका खोक्याचा कागद कमी असला तर अख्खा ट्रक अडवणारी मी, स्वतःच्या बाबतीत एक ओळ लिहून घेतली नाही.

परतताना आईने त्याच्यासाठी बेसनाचे लाडू दिले होते. काठी ओट्याला टेकवून, नव्या गुडघ्यावर उभं राहून वळलेले. अजून फोनवर विचारते, "तुझे साहेब बरे आहेत ना गं? देवमाणूस आहे."

नोकरी गेल्याचं मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती स्वतःच्या गुडघ्याला दोष देत बसेल.

"बरे आहेत," मी म्हणते, आणि दातओठ खात फोन ठेवते.