पाहुण्यांच्या श्वासावर

आमच्या कंपनीत नाचायच्या आधी उभं राहायला शिकवतात. मला ते शिकायला आठ महिने लागले. ही गोष्ट मी घरी अजून सांगितलेली नाही.

सोलापुरात 'कंपनी' म्हटलं की लोक आधी विचारतात, टॉवेलची का चादरीची? आमची नाचाची. सात नाचणारे आणि दोन शिक्षक. पण त्या दोघांतल्या एक आमच्याबरोबर नाचतात, म्हणून सात. नाहीतर आम्ही सहाच. तालीम होते ती एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. तिथले माग केव्हाच भंगारात गेले, पण ज्या बोल्टांनी ते जमिनीला आवळलेले होते त्यांची भोकं राहिली. ती सिमेंटनं बुजवली आहेत म्हणतात. नवीन माणसाचा अंगठा पहिल्याच आठवड्यात त्यातल्या एखाद्यात अडकतो आणि तो तालमीचं भान विसरून आईला हाक मारतो.

आम्ही करतो त्याला समकालीन नृत्य म्हणतात. माझ्या मावशीला मी ते एकदा नीट समजावून सांगायला बसले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घुंगरू न्हाईत, गाणं न्हाय, नऊवारी न्हाय. मग लोकांनी बगायचं काय?" मी म्हटलं, "शरीर." त्यानंतर मावशीनं हा विषय आमच्या घरात कुणाला काढू दिला नाही.

शिकवणारे दोघं सख्खे भाऊबहीण. सर धाकटे, बंगळूरला शिकून आलेले. बाई थोरल्या. त्यांचं वय साठीच्या अलीकडचं का पलीकडचं, हे विचारायची कुणाची टाप नाही. वीस वर्षं त्यांनी मुलींना शास्त्रीय नृत्य शिकवलं आणि एके दिवशी घुंगरू काढून माळ्यावर टाकले. वडिलांचं भुसाराचं दुकान होतं, त्यामुळं घरात कानडी आणि गल्ल्यावर मराठी असा त्यांचा हिशेब. शिकवतात मराठीत, भांडतात कानडीत. आमच्यातल्या एकालाही कानडीत पावशेर भेंडी मागता येणार नाही, पण 'तुझी अक्कल गुडघ्यात आहे' हे सगळ्यांना म्हणता येतं.

आमच्याकडं कुणी एक-दोन-तीन-चार मोजत नाही. हा बाईंचा कायदा. गाण्याच्या ठेक्यावर निघायचं नाही, खुणेवर निघायचं नाही. सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. मग एकजण नाकानं श्वास ओढतो, बाकीच्यांना ऐकू जाईल इतपत, आणि त्या श्वासावर सातही जण एकदम निघतात. "ज्याला शेजारच्याचा श्वास ऐकू येत नाही त्यानं रंगमंचावर पाऊल ठेवू नये," असं बाई म्हणायच्या, आणि नुसत्या म्हणायच्या नाहीत. या कायद्याखाली त्यांनी माझ्यादेखत तिघांना घरी पाठवलं. त्यातल्या एकीला तर प्रयोगाच्या दिवशी सकाळी.

याचा परिणाम असा झाला की आम्ही सगळे श्वासाला बांधले गेलो. चहाच्या टपरीवर कुणी फुंकर मारायला हवा आत ओढली की आमच्यातला एखादा दचकून पाय उचलतो. रंगमंचावर श्वास ओढायचा मान आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या गड्याकडं. तो दिवसा टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग बघतो, घरी तेलुगू बोलतो, आणि त्याचं नाक असं आहे की शेवटच्या रांगेलासुद्धा हवा कमी पडावी.

माझी जागा पुढं, डाव्या कोपऱ्यात, विंगेला चिकटून. अर्ध्या प्रेक्षकांना मी दिसतच नाही. उरलेल्या अर्ध्यांना माझा एक खांदा दिसतो. दर नव्या नाचात सगळ्यांच्या जागा बदलायच्या, माझी तेवढी बदलायची नाही. माझ्या बरोबर मागं बाई उभ्या राहायच्या. सरांनी दोनदा मला मधे घेऊन बघितलं, दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, "ती तिथंच बरी." वर जाच किती! केस वर बांध, मान झाकायची नाही, ओढणी तर तालमीलासुद्धा नाही. मी काही विचारलं तर बऱ्याचदा उत्तरच द्यायच्या नाहीत, सरळ निघून जायच्या. आम्ही सगळे त्याला माज म्हणत होतो. मी त्याला वैर म्हणत होते.

मला मधे उभं राहायचं होतं. का, तर दिसावं म्हणून. यात काही थोर नाही, पण खरं हेच आहे. होटगीहून पहाटे साडेपाचला स्कूटी काढायची, दोन तास अंग मोडून घ्यायचं, तिथनंच दवाखान्यात जायचं. मी डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटच्या डोळ्यांत थेंब टाकते. दिवसभर शंभर माणसं माझ्याकडं बघतात, पण ती डोळे फाकून आणि छताच्या बाजूला. आई रोज दारात उभी राहून म्हणायची, "दोन वरसं झाली, एकाच कोपऱ्यात हुबी ऱ्हातीस. तेवडं हुबं तर एस्टीत पण ऱ्हायला मिळतं की." बरोबरच होतं तिचं.

तर मागच्या हिवाळ्यात मी सरांना स्पष्ट सांगितलं. नव्या नाचात मधली जागा द्या, नाहीतर हा प्रयोग झाला की मी येणार नाही. सरांनी टक्कल खाजवलं आणि म्हणाले, "प्रयोग होऊ दे. पंचनाम्याला सांगतो." पंचनामा म्हणजे प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गोल बसून एकमेकांची अब्रू काढणं.

प्रयोग होता कुठल्याशा मंडळाच्या वर्धापनदिनाला. बक्षीस वाटप आणि भाषणं यांच्या मधे आम्हाला घातलं होतं, पोळीत सारण घालतात तसं. प्रमुख पाहुणे यायचे होते, आले नव्हते. शेवटी त्यांच्याशिवाय पडदा वर गेला. आमचा नाच नुसत्या उभं राहण्यानं सुरू होतो. दीड-दोन मिनिटं कुणी हलत नाही. लोकांना वाटतं एकतर कॅसेट अडकली, नाहीतर आम्ही विसरलो. मागून एकजण म्हणालाच, "लई भारी हुबं ऱ्हायलेत की!"

तेवढ्यात पाहुणे आले. त्यांना पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवलं, वाकून वाकून चादर पांघरली, हातात नारळ दिला. पाहुणे वजनदार होते, सोफा खोल होता. बुड टेकलं, नारळ मांडीवर नीट बसला, आणि त्यांनी नाकानं एक लांब, सुखाचा श्वास ओढला.

आमचे पाचजण निघाले.

एकदम, सुरेख, एका अंगानं निघाले. बाईंची शिकवणी एवढी पक्की होती की तो श्वास सोफ्यावरनं आला हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. कहर म्हणजे श्वास ओढणारा गडीसुद्धा निघाला. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं, मीच घेतला."

मी निघाले नाही. मी का निघाले नाही ते सांगते. विंगेच्या मागं आयोजकांनी मिरची भजी तळायला घेतली होती आणि वास थेट माझ्या कोपऱ्यात येत होता. पाहुण्यांबरोबर आठ-दहा माणसं आत येताना मी डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघितली होती. ही माणसं खाऊन आपल्याला कितीशी उरणार, याचा मी विचार करत होते. भानावर आले तेव्हा पाचजण जमिनीवर लोळत होते. आमच्यात असा नियम आहे की एकदा सुटलेला श्वास धावून पकडायचा नाही, पुढच्या श्वासापर्यंत जागेवर थांबायचं. पुढचा श्वास चांगला मिनिटभरानं होता. मी थांबले. माझ्या मागं बाईही थांबल्या होत्या, हे मला त्यांच्या सावलीवरनं कळलं. मग पुढचा श्वास आला, मी निघाले, बाई निघाल्या, आणि उरलेला नाच नेहमीसारखा झाला.

टाळ्या पडल्या. पाहुणे भाषणाला उठले आणि म्हणाले, या नृत्याचा अर्थ फार खोल आहे. जमिनीवर लोळणारे पाचजण म्हणजे आजची तरुण पिढी, आणि ताठ उभ्या राहिलेल्या त्या दोन स्त्रिया म्हणजे आपली संस्कृती. मी एकोणतीस वर्षांची. मला भर सभेत संस्कृतीत जमा केलं. आणि भजीही उरली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा. सरांनी पाचांना एकेक करून सोलून काढलं, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. मग ते आमच्याकडं वळले. "सात जणांत फक्त या दोघींना कळलं, आपला श्वास कोणता आणि परका कोणता. याला म्हणायचं ऐकणं." आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, "नव्या नाचात मधली जागा हिची."

भजीचा विषय काढायचं मला काही कारण दिसलं नाही. दोन वर्षं ज्याच्यासाठी जळले ते मिळालं होतं.

बाई म्हणाल्या, "मला ऐकू आलं नाही."

सर हसले. "पाहुण्यांचा ना? तेच म्हणतोय मी अक्का."

"कुणाचाच ऐकू येत नाही."

सरांचं हसू तोंडावरच राहिलं. "यावागिंद?" त्यांनी विचारलं. कधीपासून.

बाईंनी उत्तर मराठीत दिलं, आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून. "दोन वर्षं झाली. डावा पूर्ण गेला. उजव्यात थोडं उरलंय, समोर उभं राहून बोललं तर कळतं."

"मग नाचतेस कशावर?"

"हिच्या पाठीवर." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "श्वास आला की निघायच्या आधी हिचे खांदे जरासे उचलतात. बाकीच्यांची ती खोड मोडली मी. हिची मोडली नाही, मुद्दाम ठेवली. काल ही हलली नाही म्हणून मी हलले नाही. ऐकण्याचं कौतुक मला सांगू नका."

मला आधी राग आला. चांगला सणसणीत. दोन वर्षं मला त्या विंगेला चिकटवून ठेवलं, आणि एका शब्दानं सांगितलं असतं तर मी आपणहून उभी राहिले असते! मग माझं मलाच कळलं की तो एक शब्द त्यांना जमणारा नव्हता. सांगितलं असतं तर त्यांच्याच कायद्यानं त्यांना घरी जावं लागलं असतं. आणि मी? पेशंट दारातून आत येताना त्याच्या चालीवरनं नंबर वाढलाय का सांगते म्हणून मिरवते. ज्याला आम्ही माज म्हणत होतो ते काय होतं, हे मला दोन वर्षांत दिसलं नाही. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

बाई उठल्या. "नियम माझाच आहे. ज्याला ऐकू येत नाही त्यानं पाऊल ठेवू नये. हिला मधे घ्या. मी नाचणं थांबवते." आणि आमच्याकडं पाठ करून खिडकीजवळ आपली पिशवी भरायला लागल्या. पाचजण तर आधीच सोललेले, ते जमिनीकडं बघत बसले.

सर सोडले तर बाईंना उलट बोललेलं माणूस मी त्या शेडमध्ये बघितलेलं नाही. पण मी बोलले.

"बाई, काल मला सगळं ऐकू येत होतं, पण माझं लक्ष भजीत होतं. म्हणून मी उभी राहिले. या पाचांचं लक्ष होतं, कानही शाबूत आहेत, ते पाहुण्यांच्या श्वासावर नाचले. ज्याचं काम श्वास ओढायचं, त्याला स्वतःचं नाक ओळखू आलं नाही. मग ऐकू येणाऱ्यांनी असे काय दिवे लावले? हा कसला नियम? बदला की तो!"

बाई पिशवी भरत राहिल्या. एवढं सगळं मी त्यांच्या पाठीला सांगितलं होतं. त्यांच्यापर्यंत काही गेलंच नव्हतं.

मग मी वळसा घालून खिडकीशी गेले, त्यांच्या समोर उभी राहिले आणि सगळं पुन्हा म्हटलं. भजीपासून. यावेळी मोठ्यानं आणि हळूहळू, रडत असल्यामुळं मधे मधे थांबून. बाई माझ्या ओठांकडं बघत होत्या. इतक्या जवळून त्यांनी माझं तोंड कधी बघितलं नव्हतं, आणि मीही त्यांचं.

"मग निघायचं कुणाच्या श्वासावर?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटलाच नाही, इतका बारीक होता.

"श्वासावर कशाला? तुम्ही पुढं उभ्या राहा. तुम्ही निघा. आम्हाला दिसतं."

त्यांनी माझ्या खांद्यावरून सरांकडं बघितलं. सर उठून संगीत लावायच्या लॅपटॉपकडं गेले होते आणि भिंतीकडं तोंड करून उगाच वायर गुंडाळत होते. मग बाईंनी पिशवीची चेन उघडली, गुडघ्याचे पट्टे परत बाहेर काढले आणि पाचांवर खेकसल्या, "बसलात काय? जागेवर उभे राहा."