काकांच्या पत्राचा संदर्भ

आमच्या घरात मराठी बोलली जाते, लिहिली जात नाही. बाहेर तमिळ, घरात मराठी आणि पत्रं इंग्रजीत, अगदी भावाभावांतलीसुद्धा. माझे वडील, अप्पा, शाळेत इंग्रजी शिकवत. ‘विथ रेफरन्स टू’ ही शब्दयोजना कुणी सवयीनं वापरली तर ते ती खोडत. ज्याचा संदर्भ देतोस ते पत्र समोर ठेव, म्हणत. त्यात जे विचारलंय त्याला उत्तर द्यायचं नसेल, तर हे शब्द लिहूच नकोस.

अप्पा गेले त्या सकाळी पापनाशमला काकांकडे फोन केला. अप्पांचे थोरले भाऊ; पण ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीनं फोनवर संकोचत कारण सांगितलं.

“पत्राला उत्तर नाही आलं, बोलावल्यावाचून मी कशाला जाऊ, असं म्हणताहेत. जेवतही नाहीत धड.”

पत्र अप्पांच्या पंचांगात सापडलं. चार महिन्यांपूर्वीचं, चार ओळींचं. आजोबांचं श्राद्ध दोघं भाऊ बारा वर्षं वेगवेगळं करत होते. यंदा कुंभकोणमला एकत्र करू या का, एवढंच काकांनी विचारलं होतं. अप्पांनी ते घडी करून ठेवलं होतं. उत्तराचा कच्चा मसुदाही कुठं नव्हता.

दहावा दिवस काकांशिवाय होऊ नये, असं आईला वाटत होतं. तिनं तसं एकदाच सांगितलं.

मी पत्र समोर ठेवलं. ‘विथ रेफरन्स टू युअर लेटर’ लिहिलं आणि बराच वेळ पुढं सरकलो नाही. अप्पांनी काय उत्तर दिलं असतं, ते मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या वतीनं ‘हो’ लिहिणं खोटं झालं असतं. शेवटी लिहिलं की, अप्पांचं उत्तर मला सापडलं नाही. माझं उत्तर ‘हो’ आहे, आईचंही. दहाव्याला या. पापनाशमला निघालेल्या शेजाऱ्यांच्या हाती पाकीट दिलं.

दहाव्या दिवशी कावेरीच्या घाटावर काका मुलीचा हात धरून उतरले. माझ्याकडे पाहिलं नाही. आईपुढं थोडा वेळ उभे राहिले. विधी संपेपर्यंत पायरीवर बसून होते. उठताना मात्र त्यांनी हात माझ्यापुढं केला.

“आमच्या बाबांचं श्राद्ध पुढल्या महिन्यात,” ते म्हणाले. “करीन मी. तू नुसता शेजारी बैस.”