फाटकाजवळचा चट्टा
मिठात बुडवलेल्या लिंबाच्या सालींचा वास आला की मला तारोडीच्या आमच्या घराचं लोखंडी फाटक आठवतं. खाऱ्या वाऱ्याने ते सारखं गंजायचं, आणि गंजाचं पाणी गळून गाडी आत यायच्या सिमेंटच्या वाटेवर डाव्या कडेला तांबूस डाग पडायचा. आई तो सरबताच्या उरलेल्या साली आणि खडेमीठ घेऊन सावकाश घासून काढायची. ताईच्या साखरपुड्याच्या सकाळी मात्र बाबांना धीर धरवेना. पाहुणे यायच्या बेतात होते, आणि बाबांनी संडास धुवायचं अ‍ॅसिड सरळ डागावर ओतलं. फसफसून नाकात जाणारा धूर निघाला. "अहो, ती लादी नाही, सिमेंट आहे!" असं आई ओरडेपर्यंत डाग गेला होता, पण त्या जागी परातीएवढा पांढुरका, खडबडीत चट्टा पडला होता. बाबा रिकामी बाटली धरून नुसतेच उभे. आईने भरपूर पाणी मारलं, जागा कोरडी केली आणि त्यावर भलीमोठी रांगोळी घातली. होणाऱ्या विहीणबाईंनी आत येताना विचारलंच, "रांगोळी अशी कडेला का हो?" आई शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे अशीच काढतात." मग काय, दर सणाला तिथेच काढावी लागली. आता आई-बाबा नाहीत, वाटेवर पेव्हर ब्लॉक बसलेत, चट्टा कधीच गेला. परवा दिवाळीला मी तिथेच रांगोळी काढत असताना ताईची मुलगी माझ्याजवळ बसून म्हणाली, "मावशी, मम्मीपण आमच्या दारात कडेलाच काढते. असं का गं?" मी बोटांचा रंग झटकला. म्हटलं, "आपल्याकडे अशीच काढतात."